चौदा गोधड्या आणि एक गिळलेला दोरा

२०२४-२५ च्या हिवाळ्यात मी उरल्यासुरल्या कापडाच्या तुकड्यांतून कुत्र्यामांजरांसाठी चौदा छोट्या गोधड्या शिवल्या. बिल्डिंगमधल्या दोघीतिघींनी विचारलं कसं केलंस म्हणून, आणि प्रत्येकीला सांगताना मी निम्मं विसरते, म्हणून आता एकदाच सगळं लिहून काढतेय. माझं शिवणकाम म्हणजे साडीला फॉल लावणं आणि ब्लाउजचे निघालेले हूक परत लावणं, बस. त्यामुळे ‘मला नाही जमायचं’ असं वाटत असेल तर मी पण तिथूनच सुरू केलंय.

आम्ही नाशिकला इंदिरानगरला राहतो. २०२४ च्या दसऱ्याआधी माळा आवरायला काढला तर दोन पिशव्या भरून ब्लाउजपीस, मुलीच्या फ्रॉकचे उरलेले तुकडे, अस्तरं आणि आईच्या सात सुती साड्या निघाल्या. साड्या इतक्या विरलेल्या की कामवाल्या मावशींनाही द्यायची लाज वाटावी, आणि टाकवत तर नाहीत. त्याच उन्हाळ्यात मी एक गाडीखाली आलेलं पिल्लू गावाबाहेरच्या एका शेल्टरला सोडून आले होते, तिथल्या पिंजऱ्यांमध्ये सिमेंटवर गोणपाट टाकलेलं पाहिलं होतं आणि ते डोक्यात राहिलं होतं. त्यांचा नंबर फोनमध्ये होता. १४ ऑक्टोबरला मेसेज टाकला, ‘तुम्हाला गोधड्या चालतील का?’

उत्तर यायला सहा दिवस लागले. मी मनात चिडले पण होते, की बाई फुकट देतेय आणि यांना वेळ नाही. नंतर तिथे जाऊन आले तेव्हा कळलं की एक मुलगी फोन, रजिस्टर आणि सलाईन असं तिन्ही सांभाळते. असो. उत्तरात एक फॉर्म आला (नाव, पत्ता, काय देणार, किती देणार, कधी आणणार) आणि दोन मिनिटांचा व्हॉइस मेसेज. तो मेसेज मी नीट ऐकला असता तर माझे तीन आठवडे वाचले असते. ती म्हणत होती की ताई, चादरी आणि मोठ्या गोधड्या लोक भरपूर देतात, पण त्या धुतल्या की दोन दोन दिवस वाळत नाहीत, आमच्याकडे एकच मशीन आहे, त्यामुळे आम्हाला छोट्या आणि पातळ हव्यात. मांजरांसाठी १८ बाय १८ इंच, कुत्र्यांसाठी २४ बाय ३०. आत कापूस नको, फायबर नको. बटण, हूक, टिकल्या, जरीचं काही नको. कापड आधी धुतलेलं हवं. आणि ब्लीचमध्ये टिकायला हवं, कारण पार्व्होचा (पिल्लांच्या जीवघेण्या जुलाबउलट्यांच्या आजाराचा) विषाणू साध्या साबणाने मरत नाही आणि महिनोन्‌महिने जागेवर टिकतो, म्हणून ते सगळं अंथरूण ३२ पट पाणी घातलेल्या ब्लीचमधून काढतात. आधी दोन नमुने आणा, मग बघू.

मी काय केलं? हे सगळं ऐकून ‘हो हो’ म्हटलं आणि दिवाळीनंतर, भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी बसून एक झकास गोधडी शिवली. जुन्या उशीचा कापूस आत, वर लाल हिरवे चौकोन, कडेला सोनेरी काठ. फोटो काढला, बहिणीला पाठवला, तिने बदाम पाठवले. शेल्टरला न्यायच्या आधी आपल्याच लाल्याला देऊन बघू म्हटलं. लाल्या म्हणजे आमच्या वॉचमन काकांच्या केबिनमागे झोपणारा कुत्रा. सकाळी साडेसहाला खाली गेले तर पार्किंगमध्ये बर्फ पडल्यासारखा कापूस. स्कूटरवर, कुंड्यांत, सेक्रेटरी काकांच्या वायपरमध्ये. लाल्या मधोमध बसलेला आणि नाकावर सोनेरी काठ. तासभर झाडत होते, आणि ग्रुपवर नाव न घेता माझ्यावर एक मेसेज पडला.

पुढचा कागदी घोळ पण यातूनच निघाला. सेक्रेटरी काका म्हणाले खाली काही ठेवायचं तर कमिटीला विचारा. मग मी अर्ज लिहिला, चक्क हाताने, ‘मा. सेक्रेटरी यांस’ वगैरे. त्यात शेवटी हेही लिहिलं की २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत सोसायटीतल्या भटक्या प्राण्यांच्या खाण्याची सोय बघायची जबाबदारी सोसायटीवर टाकलेली आहे. नियमात गोधडीचा उल्लेख नाही, हे मला माहीत होतं आणि काकांनाही माहीत होतं, पण अर्जाला जरा वजन आलं. १७ नोव्हेंबरच्या मीटिंगमध्ये पास झाला, दोन अटींवर, केबिनच्या मागच्या बाजूलाच ठेवायची आणि दर रविवारी मी धुवायची. तुमच्या सोसायटीत करणार असाल तर आधीच लेखी द्या, तोंडी ‘हो’ कुणाच्या लक्षात राहत नाही.

कापसाच्या प्रकरणानंतर मी सासूबाईंना फोन केला. त्या सांगलीकडच्या, तिकडे वाकळ म्हणतात. त्यांनी लहानपणापासून शिवल्यात, मला मात्र लग्नाला अठरा वर्षं होऊनही त्यांना कधी विचारावंसं वाटलं नव्हतं. म्हटलं, “आई, आत काय घालायचं?” त्या म्हणाल्या, “आत काय घालायचं म्हणजे? जुनेरं घालायचं. लुगड्याच्या घड्या. कापूस गादीत घालतात गं.” मग व्हिडिओ कॉलवर, फोन तांदळाच्या डब्याला टेकवून, त्यांनी मला शिकवलं.

खाली एक अख्खं कापड पसरायचं, त्यावर साडीच्या दोन घड्या (कुत्र्यासाठी तीन), आणि वरून तुकडे. तुकडे आधी एकमेकांना जोडून मग ठेवायचे असं मला वाटत होतं, ते यूट्यूबवरच्या क्विल्टचं झालं. सासूबाई एका कोपऱ्यापासून सुरू करतात, तुकड्याची कड आत दुमडायची, शेजारच्या तुकड्यावर चढवायची आणि धावदोरा घालत पुढे जायचं, कडेकडेने, चौकोनात फिरत फिरत आत. शेवट मध्यावर येतो. कर्नाटकात उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूरकडच्या, मूळ आफ्रिकी वंशाच्या सिद्दी समाजातल्या बायका त्यांची कवंदी, म्हणजे गोधडीच, अशीच कडेकडून आत शिवत नेतात, कोपऱ्यांना त्रिकोणी ठिगळं लावतात आणि त्यांना फुलं म्हणतात, हे मी नंतर वाचलं. आईंना सांगितलं तर म्हणाल्या, “मग दुसरं कसं शिवणार? मधून सुरू केलं तर कापड फुगंल की.” आणि खरंच, मी एकदा मधून सुरू करून बघितलं तर कडेला पोळी फुगावी तसं कापड फुगलं.

टाका किती मोठा? “तांदळाएवढा.” दोन ओळींत अंतर? “एक बोट.” हे माप मला इंचापेक्षा बरं वाटलं. माणसाच्या गोधडीत टाका जरा मोठा पडला तरी चालतो, पण इथे नखं असतात. लांब टाक्यात मांजराचं नख अडकतं, मांजर झटका देतं, टाका उसवतो आणि लोंबणारा दोरा तयार होतो. त्या दोऱ्याचं पुढे येतेच.

एक गंमत सांगायची राहिली. शेवटी मध्यावर एवढासा खिसा उरतो, तो बंद करण्याआधी आई त्यात भाकरीचा तुकडा घालतात. वाकळीचं पोट रिकामं ठेवायचं नाही. मी म्हटलं आई, कुत्र्याला वास लागला तर तो सगळी फाडेल, आणि मुंग्या येतील त्या वेगळ्याच. त्यावर त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “बरं मग शिवताना तू खा थोडी.” तेव्हापासून मी शेवटचा खिसा बंद करताना चहाबरोबर काहीतरी खाते. चौदा वेळा खाल्लंय.

आता कापडाबद्दल, कारण सगळ्यात जास्त वेळ त्यात गेला. घरचं कापड चार गोधड्यांत संपलं असतं म्हणून आमच्या टेलर मास्तरांकडे कातरण मागायला गेले. मला वाटलं कचराच आहे, देतील. मास्तर म्हणाले मॅडम, कातरण किलोने जातं, गॅरेजवाले नेतात हात पुसायला, सातपूर, अंबडच्या कारखान्यांत पण जातं. मग तीस रुपये किलोने चार किलो घेतलं, १२० रुपये. त्यात निम्म्याहून जास्त ब्लाउजचं सुती टू बाय टू आणि अस्तराचं पॉपलिन होतं, ते उत्तम. बाकी क्रेप, सॅटिन, नेट. ते नका घेऊ, घसरतं, घाम शोषत नाही आणि थंडीत अंगाला चटचट करतं. सुती आहे की नाही कळत नसेल तर दोन धागे ओढून चिमट्यात धरून पेटवायचे, सुती असेल तर कागद जळल्यासारखा वास येतो आणि राख होते, पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. हे सिंकवर करा. मी गॅलरीत केलं आणि पडद्याला भोक पडलं.

माळ्यावरच्या साड्यांना डांबराच्या गोळ्यांचा वास होता. आपल्याला तो वास म्हणजे आजोळ वगैरे वाटतं, पण त्या गोळ्या कुत्र्यामांजरांना विषारी असतात, त्यामुळे तो वास जाईपर्यंत कापड वापरायचं नाही. मला दोनदा धुवून चार दिवस उन्हात टाकावं लागलं. फिनाईलच्या पाण्यात तर अजिबात बुडवू नका, मांजरांना ते फार वाईट. नवीन ब्लाउजपीसची खळ काढायला आणि रंग जातोय का बघायला कोमट पाण्यात रात्रभर भिजवायचं. इथे मी आळस केला. लाल तुकड्यांचं पाणी जरा गुलाबी झालेलं दिसलं होतं, म्हटलं जाऊ दे.

दोरा कानडे मारुती लेनमधून आणला. दुकानदाराला ‘गोधडीचा दोरा’ म्हटलं की तो बरोबर काढून देतो, जाड सुती, ४५ रुपयांचं रीळ, मला सहा लागली. अंगुस्तान, म्हणजे बोटात घालायची टोपी, पण घ्या. मी नाही घेतलं, तिसऱ्या दिवशी मधलं बोट इतकं सोललं की कणीक मळता येईना.

मांजराची एक गोधडी हाताने शिवायला मला सहा तास लागायचे, रोज रात्री जेवणं आटोपल्यावर दीड तास, म्हणजे चार रात्री. खूप शांत वाटायचं, ते खरंय. पाठ दुखायची, तेही खरंय.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार. रात्री साडेदहा. मी शिवता शिवता दूध बघायला उठले, परत आले तर ठमी, म्हणजे आमची मांजर, माझ्या जागेवर बसून काहीतरी चघळत होती. तोंडातून दोऱ्याचं टोक लोंबतंय, मी धावले, तिने गिळलं. वीतभर तरी दोरा असेल. आणि मला आठवेना की त्या दोऱ्याला सुई होती की नव्हती. मी गादी उलटली, नवऱ्याने टॉर्च घेऊन फरशी पालथी घातली, मुलगी रडायला लागली. सुई सापडेना.

डॉक्टरांना फोन केला, ते पहिलं वाक्य हेच म्हणाले की दोरा तोंडातून किंवा मागून दिसत असला तरी ओढायचा नाही. एक टोक जिभेखाली किंवा पोटात अडकलेलं असलं आणि तुम्ही दुसरं ओढलं तर नाडी ओढल्यावर परकर चुणतो तसं आतडं चुणतं, आणि कापलं पण जाऊ शकतं. रात्री क्लिनिकला गेलो. त्यांनी जिभेखाली बघितलं, एक्सरे काढला. एक्सरेत दोरा दिसत नाही, पण सुई दिसते. सुई नव्हती. तपासणी आणि एक्सरे मिळून १,४०० रुपये. पुढचे तीन दिवस सांगितलेलं काम म्हणजे ती खातेय का, उलटी करतेय का आणि तिची शी बघणं. रविवारी संध्याकाळी दोरा आला, निळा, जसाच्या तसा. मी कधी कुणाच्या शीचा इतका आनंद मानला नव्हता. सुई मंगळवारी सापडली, नवऱ्याच्या स्वेटरमध्ये, त्याला टोचून.

तेव्हापासून नियम केला. सुया तीनच वापरायच्या, झाकणाच्या डबीत, बसताना मोजायच्या, उठताना मोजायच्या, अगदी दूध उतू जात असलं तरी. कापलेले दोरे पाण्याच्या वाटीत टाकायचे, उडत नाहीत. आणि मांजर घरात असेल तर दार लावून शिवायचं, ती बाहेर कितीही ओरडली तरी.

या घोळानंतर सुई हातात धरवेना म्हणून मशीन काढलं. माझ्या आईचं पायमशीन, दहा वर्षं त्यावर टीव्हीचा सेट टॉप बॉक्स होता. मेकॅनिकने यायला आठ दिवस लावले, ३५० रुपये घेतले, तेलपाणी आणि नवा पट्टा. चार थर एकत्र जायचे तर १८ नंबरची सुई लागते, साध्या सुईने प्रयत्न करू नका, माझ्या तीन मोडल्या आणि मोडलेलं टोक गोधडीत राहिलंय का हे शोधण्यात एक अख्खी दुपार गेली. लोहचुंबक फिरवून सापडलं. मशीनवर तीच गोधडी सव्वा तासात होते. सासूबाईंना सांगितलं नाही. त्यांनी फोटो झूम करून ओळखलं, “टाकं सरळ आलेत, मशीनवर मारलीस.”

दोन हातशिलाईचे नमुने घेऊन ३० नोव्हेंबरला शेल्टरला गेले. वस्तू फक्त बुधवार आणि शनिवार, अकरा ते एक याच वेळात घेतात, हे फॉर्मच्या खाली बारीक लिहिलेलं होतं, सुदैवाने शनिवारच होता. फाटकावर आधारची झेरॉक्स मागितली, माझ्याकडे नव्हती, दीड किलोमीटर मागे जाऊन काढून आणली. मग रजिस्टर. नाव, वेळ, गाडी नंबर, वस्तूचे वर्णन, नग. वर्णनात मी ‘गोधडी’ लिहिलं, तिथल्या दादांनी शेजारी ‘लहान’ असं जोडलं. त्या मुलीने दोन्ही हातात घेऊन चारी कोपरे खेचले, वास घेतला, आणि माझ्यासमोर ब्लीचच्या बादलीत बुडवल्या. इतक्या रात्रींचं काम बादलीत जाताना बघून पोटात कालवाकालव झाली. म्हणाली दहाबारा दिवस वापरून कळवते.

११ डिसेंबरला फोटो आला. एक पास. दुसरी, जिच्यात ते लाल ब्लाउजपीस होते, ती पूर्ण गुलाबी झाली होती आणि एक कोपरा उसवला होता. ‘ताई कोपऱ्यांना दुहेरी शिलाई घाला, लाल आणि गडद निळं नको.’ एवढंच. मला वाईट वाटलं, पण मी आधीच बघितलेलं गुलाबी पाणी आठवलं आणि गप्प बसले.

डिसेंबरच्या मध्याला नाशिकची थंडी काय असते ते इथल्यांना सांगायला नको, निफाडचा पारा रोज पेपरात यायला लागला की घरात कुणी आंघोळीला पहिलं जात नाही. त्या आठवड्यात मी रोज एक शिवली. फिकट कापड, कोपऱ्यांना दोनदा शिलाई, बाहेरची कड एक इंच आत दुमडून सगळीकडून शिवलेली. दिसायला काही खास नाहीत. लाल्यासाठी एक केली, ती त्याने फाडली नाही, कारण फाडून आत काही निघत नाही हे त्याला दोन दिवसांत कळलं. रविवारी सकाळी धुतली की दुपारी दोनपर्यंत खडखडीत वाळते.

८ जानेवारीला, बुधवारी, अकरा गोधड्या दिल्या. आधारची झेरॉक्स यावेळी तीन प्रती. नवऱ्याने सांगितलं होतं पावती आण, आयकरात ८०जी मध्ये, म्हणजे देणगीवरच्या सुटीत, दाखवता येईल, तर तिथे कळलं की वस्तू दिली तर ८०जी ची सूट मिळत नाही, ती पैशाच्या देणगीलाच, आणि तेही २,००० रुपयांच्या वर रोख दिलेले चालत नाहीत. साधी पोच मिळते, शिक्का मारून. ती फ्रीजवर लावलीय.

अकरातल्या तीन पार्व्होच्या पिल्लांच्या खोलीत गेल्या. शेल्टरमधली ती मुलगी म्हणाली या परत वापरता येणार नाहीत, तिथलं अंथरूण आम्ही बाहेर आणत नाही. मी विचारलं तिन्ही कोणत्या, तिने दाखवल्या. एकीत माझ्या आईच्या साडीचा आबोली तुकडा होता. काय बोलणार. पिल्लू त्यावर मान टाकून पडलेलं, कान तेवढा हलत होता. मी विचारलं नाही पुढे काय झालं, आणि तिनेही कळवलं नाही.

खर्चाचं विचारतात सगळ्या, तर कातरण १२०, दोरा २७०, मशीन ३५०, मशीनच्या सुया ८०, कात्रीला धार ६०, एकूण ८८०. चौदाने भागलं तर एकीला ६३ रुपये पडले. डॉक्टरांचे १,४०० वेगळे, ते नवरा यात धरतो, मी धरत नाही.

गुलाबी झालेली गोधडी मी परत आणली, कोपरा शिवला आणि ठमीला घातली. ती त्यावर झोपत नाही. उरलेल्या कातरणाच्या पिशवीत शिरून झोपते, वरून नुसतं शेपूट दिसतं. परवा शेल्टरचा मेसेज आलाय, ३० बाय ३६ च्या सहा जमतील का, पावसाळ्याआधी. पिशवी रिकामी करावी लागेल, आणि तिला आधी उठवावं लागेल.